एकटीदुकटी

गेल्या दिवाळीत माझी भाची पुण्याहून बेळगावला आली ती मोटारसायकलवर. तीनशे चाळीस किलोमीटर. अक्कानं, म्हणजे तिच्या आईनं, दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी पहाटे निर्वाणलाडू चढवायला बस्तीत जाताना मायलेकींचं बोलणं सुरू झालं, आणि घरी परत येईपर्यंत पोरीनं पुढची बातमी दिली. येत्या हिवाळ्यात ती थायलंडला जाणार. चियांग माईला गाडी भाड्यानं घेणार आणि मे होंग सोनच्या डोंगरातला सहाशे किलोमीटरचा फेरा मारणार. त्या वाटेवर १८६४ वळणं आहेत म्हणे. आणि हे सगळं एकटीनं.

आमची अक्का कधी सरळ नाही म्हणत नाही. ती म्हणते, "मावशीला विचार." मावशी म्हणजे मी. निवृत्त शिक्षिका, पुस्तकांवर लिहिणारी, म्हणून घरातली शहाणी. शहाणी माणसं अशा वेळी नाहीच म्हणतात, असा अक्काचा भरवसा.

भाचीनं मला काही विचारलंच नाही. तिनं तीन इंग्रजी पुस्तकं माझ्यापुढं आणून ठेवली. "मावशी, तू पुस्तकांवर लिहितीस की. ही वाच आणि काय ते खरं खरं आईला सांग."

एल्स्पेथ बिअर्डचं 'लोन रायडर', थेरेसा वॉलाकचं 'द रगेड रोड' आणि लोइस प्राइसचं 'रिव्होल्यूशनरी राइड'. तिन्ही बायका इंग्लंडच्या, तिघी मोटारसायकलवर परदेशात गेलेल्या. मला वाचायला दीड महिना लागला. मधे मधे गाडीच्या भागांची नावं कळेनात, तेव्हा शहापूरच्या आमच्या गॅरेजवाल्याला विचारून घेतली. त्यालाही पुस्तकात रस वाटायला लागला. रोज विचारायचा, "बाई, आता कुठं पोचल्या त्या?"

तेव्हा हे परीक्षण असलं तरी ते घरातल्या एका प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहिलंय, हे आधीच सांगून टाकते.

आपण मराठी वाचक प्रवासवर्णन म्हटलं की 'अपूर्वाई'पासून मीना प्रभूंपर्यंत एक सवय घेऊन बसतो. लेखक किंवा लेखिका कुठंतरी पोचते, मग ती तिथलं शहर, माणसं, खाणं, संग्रहालयं दाखवते. आपलं प्रवासवर्णन पोचल्यावर सुरू होतं. या पुस्तकांत ते उलटं आहे. शहर आलं की वर्णन आटतं. शहरात शिरायचं ते व्हिसासाठी, सुट्या भागांसाठी, घरची पत्रं घ्यायला. खरं काय घडायचं ते दोन गावांच्या मधे घडतं. पहिली पन्नासेक पानं मला म्हणूनच कंटाळा आला. ही बाई काही बघतच नाही की, असं वाटलं. नंतर लक्षात आलं की ती सारखी बघत असते, पण रस्ता बघत असते. खडी कुठं आहे, वाळू कुठं आहे, समोरचा ट्रक बाजू देणार की नाही. ज्याच्या पोटात भूक आहे तो जेवणाचं ताट जसं बघतो तसं. एकदा ही नजर कळली की पुस्तक सोपं होतं.

एल्स्पेथ बिअर्ड १९८२ साली लंडनहून निघाली तेव्हा तेविशीतली होती, वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी. गाडी बीएमडब्ल्यूची, आर-६०/६, १९७४ची, जुनी विकत घेतलेली. पैसे पबमध्ये काम करून साठवलेले. गाडी जहाजानं न्यूयॉर्कला पाठवली, अमेरिका ओलांडली, पुढं न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, आग्नेय आशिया, भारत, नेपाळ, पाकिस्तान, इराण, तुर्कस्तान, आणि युरोपातून घरी. परत आली ती १९८४ च्या अखेरीस.

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दोन दावे आहेत. ती एकटी गेली, आणि मोटारसायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. 'पहिली'शी मला काही देणंघेणं नाही. पहिली, दुसरी, तिसरी हा हिशेब विक्रमांच्या वहीत ठेवावा. माझं भांडण आहे ते 'एकटी'शी. कारण अक्काचं भांडणही त्याच शब्दाशी आहे. "जाऊ दे की, पण एकटी कशाला?" हे तिचं वाक्य मी या दीड महिन्यात निदान वीस वेळा ऐकलं. आपल्याकडं 'एकटीदुकटी' असा शब्दच आहे, आणि तो कधी कौतुकानं वापरलेला मी ऐकला नाही. एकटीदुकटी बाई म्हणजे जिला काहीही होऊ शकतं ती. इंग्रजी प्रकाशक हाच शब्द उलटा करून, शौर्य म्हणून विकतो. मला हे दोन्ही खोटं वाटतं, आणि कुठं खोटं ते हेच पुस्तक दाखवतं.

उदाहरणार्थ, गाडीचं वजन. बीएमडब्ल्यूची ही गाडी दोनशे किलोच्या वरची. तिची दोन सिलिंडरं दोन्ही बाजूंना बाहेर आलेली असतात, आडवी. साखळी नसते, मागचं चाक दांड्यावर फिरतं. सरळ डांबरी रस्त्यावर अशी गाडी हत्तीसारखी चालते. पण वाळूत नाहीतर चिखलात ती एकदा आडवी झाली, वर सामानाचा बोजा असला, की बाईच काय, बाप्यालाही एकट्यानं उभी करणं कठीण. म्हणजे अशी गाडी निवडणाऱ्यानं निघायच्या आधीच, नकळत का होईना, धरून चाललेलं असतं की वाटेत कुणीतरी असेल. कुणीतरी हात लावेल. 'लोन रायडर' वाचताना हा अदृश्य हात मी शोधत राहिले, आणि तो सापडत राहिला.

लोइस प्राइस याच्या बरोबर उलट वागते. २००३ साली ती अलास्काहून अर्जेंटिनाच्या टोकाला गेली ती यामाहाच्या २२५ सीसीच्या लहानशा गाडीवर, आणि इराणलाही २५० सीसीच्या हलक्या गाडीवरच. पडली तर आपली आपण उचलता यावी, हा हिशेब. गंमत अशी की जिला कुणाची गरज लागू नये म्हणून हलकी गाडी लागते, तिचंच पुस्तक माणसांनी जास्त भरलेलं आहे. पण त्याकडं मी मागाहून येते.

बिअर्डच्या पुस्तकात मला सगळ्यात आवडला तो सिडनीचा भाग. पैसे संपले म्हणून ती तिथं थांबली, एका वास्तुविशारदाच्या कचेरीत सात महिने काम केलं आणि राहिली एका गॅरेजमध्ये. तिथं तिनं ॲल्युमिनियमचे पत्रे कापून, वाकवून गाडीला बसतील अशा पेट्या स्वतः केल्या, कुलूप लागणाऱ्या. आज अशा पेट्या दुकानात तयार मिळतात, तेव्हा तिला त्या कराव्या लागल्या. या मजकुरात शौर्य बिलकूल नाही. एक मुलगी दिवसा नोकरी करते आणि उरलेल्या वेळात पत्रा ठोकते. पण लेखिकेचा हात इथं सगळ्यात पक्का आहे, कारण काय कुठं बसतं, भार कुठं पडतो, हे तिला कळतं. पुढं ती वास्तुविशारद झाली आणि इंग्लंडमधल्या गोडाल्मिंगजवळच्या जुन्या पाण्याच्या टाकीच्या मनोऱ्याचं तिनं राहतं घर केलं. या पेट्यांची पानं वाचल्यावर त्याचं नवल वाटत नाही.

घाट, समुद्र, सूर्यास्त आले की मात्र तिची भाषा पोस्टकार्डासारखी होते. वाचकानं ती पानं भराभर उलटली तरी चालतील.

सिंगापूरला तिची कागदपत्रं चोरीला गेली. पासपोर्ट, व्हिसे, गाडीचे कागद, सगळं. ते पुन्हा उभं करायला सहा आठवडे गेले. मोटारसायकलनं देश ओलांडायचे म्हणजे गाडीलाही एक पासपोर्ट लागतो, त्याला कार्ने म्हणतात. ही गाडी तुमच्या देशात आणून मी ती विकणार नाही, परत घेऊन जाईन, याची हमी. त्यासाठी गाडीच्या किमतीच्या हिशेबानं पैसे नाहीतर बँकेची हमी अडकवून ठेवावी लागते. भाची म्हणते त्याप्रमाणे तिथं गाडी भाड्यानं घेतली की हे लचांड राहत नाही. आरटीओतून वर्षभराचा आंतरराष्ट्रीय परवाना काढला की झालं. मला हे कळल्यावर जरा बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा रागही आला. म्हणजे मी मनातून होकाराकडं झुकायला लागले होते.

नेमकं तेव्हाच थायलंडचं प्रकरण आलं.

तिथं तिच्या गाडीपुढं कुत्रं आडवं आलं. मोठा अपघात झाला. हा दुसरा, पहिला ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलजवळ झाला होता, तेव्हा ती दोन आठवडे दवाखान्यात होती. थायलंडमध्ये दवाखाना नाही, ओळखीचं कुणी नाही. एका अतिशय गरीब कुटुंबानं तिला घरात घेतलं. पुन्हा गाडीवर बसता येईपर्यंत दोन आठवडे ती त्यांच्याकडं राहिली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, हिला थाई.

मी आधी त्या कुत्र्यापाशीच थांबले. आमच्या घरात मुंगीला वाट देऊन चालायला शिकवलेलं. गाडी जोरात चालवणं आणि वाटेतल्या जिवाला इजा न होऊ देणं या दोन गोष्टींचं जमतंच असं नाही, हे मला लूना चालवतानाही जाणवायचं. पावसाळ्यात निपाणीच्या रस्त्यावर बेडूक यायचे तेव्हा मी पाय टेकत टेकत जायची आणि मागचा बसवाला हॉर्न देऊन देऊन बेजार करायचा. मोटारसायकलच्या एकाही पुस्तकात या गोष्टीचा नीट विचार मी वाचलेला नाही. जनावर आडवं येणं हा त्यांच्या लेखी रस्त्याचा दोष असतो, खड्ड्यासारखा.

मग त्या घरापाशी थांबले. 'लोन रायडर' नावाच्या पुस्तकातली ही जागा मला सगळ्यात मोलाची वाटते, आणि नेमकी इथंच माझी भूक भागत नाही. भाषा एक नव्हती, म्हणून त्या घराबद्दल आपल्याला थोडंच कळतं हे मान्य. पण त्या घरातल्या बाईचं मला आणखी हवं होतं. परकी, जखमी, उंच गोरी मुलगी घरात येऊन पडली. तिला अंथरूण कुणाचं दिलं? त्या पंधरा दिवसांत कुणाच्या वाटणीचा भात कमी झाला? बाईच्या नवऱ्याला, सासूला हे पसंत होतं काय? पंधरा दिवस हा पाहुणा किती दिवस होतो, हे गरिबाच्या घरात राहिलेल्या कुणालाही विचारा. मोटारसायकलवाल्यांच्या पुस्तकांत अशी माणसं 'दयाळू लोक' या एका शब्दात मावतात. गाडीचा एकेक नट सांगणाऱ्या लेखकांना या घरांचे नट सांगावेसे वाटत नाहीत.

हे वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. कारण मला माझीच एक गोष्ट आठवली.

१९८४च्या फेब्रुवारीत, म्हणजे बिअर्ड अजून वाटेत होती त्या वर्षी, मी निपाणीत सासरी होते. चिकोडीच्या वाटेवरच्या एका खेड्यात शाळेत शिकवायची आणि यांची लूना घेऊन जायची. त्यावरूनही घरात दोन महिने धुसफूस झाली होती. एक दिवस शाळा सुटल्यावर परत येताना आडरानात चाक पंक्चर झालं. दोन्ही बाजूंना तंबाखूची शेतं, कापणी चाललेली. मी गाडी ढकलत निघाले. ऊन होतं. शेतातली एक बाई बांधावर आली, मला सावलीत बसवलं आणि तांब्या पुढं केला. मी घ्यायला कचरले. ती माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "बस्तीकडच्या काय तुमी?" आणि तिनं पदराचं टोक दुसऱ्या भांड्यावर धरून पाणी गाळून मला दिलं. मग तिच्या पोरानं गाडी गावापर्यंत ढकलत नेली, पंक्चर काढून आणली. मी पैसे देऊ केले, तिनं घेतले नाहीत.

ही गोष्ट मी आयुष्यात पन्नास वेळा तरी सांगितली असेल. शाळेत, लग्नकार्यात, महिला मंडळात. "त्या काळात मी एकटी लूनावरनं जायची," अशी तिची सुरुवात. त्या बाईचं नाव मी तेव्हा विचारलं नाही. पुढं दोन वर्षं त्याच रस्त्यानं जात होते, थांबून कधी बोललेही नाही. तेव्हा बिअर्डवर ठेवलेला दोष मी मागं घेत नाही, पण तो ठेवणारीच्या पदरात काय आहे हेही वाचकाला कळलेलं बरं.

बिअर्डचा भारतातला भाग आपल्याला बोचतो. पिनांगहून गाडी जहाजानं मद्रासला आली, तिथून कलकत्ता, काठमांडू, मग दिल्ली. गाडी थांबवली की भोवती घोळका, हात लावणारे हात, प्रश्न. ती वैतागते. पहिल्यांदा वाचताना मला तिचा राग आला. आमच्या देशात येऊन आमच्याच लोकांना नावं ठेवतीस! मग भाचीला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "मावशी, सातारच्या पुढं चहाला थांबले ना, तरी माझ्याभोवती हेच होतं. हेल्मेट काढलं की." तेव्हा गप्प बसले. वर्ष १९८४. पंजाबातली धुमश्चक्री चाललेली, परदेशी लोकांना तिथून जायला मनाई, आणि पाकिस्तानला जायचा रस्ता तर तिथूनच. या पानांत तिचं इतिहासाचं भान कमी पडतं. सुवर्णमंदिरात काय घडलं त्याचा अर्थ तिच्यापुरता 'रस्ता बंद' एवढाच होतो. प्रवाशाला तो तसा व्हायचाच, पण तेहतीस वर्षांनी लिहिताना लेखिकेला तो अर्थ वाढवता आला असता.

याच टप्प्यात तिला एक डच मोटारसायकलवाला भेटतो आणि पुढचा इराणपर्यंतचा आणि त्यापलीकडचा प्रवास दोघं मिळून करतात. इराणात ती काविळीनं आजारी असते, अंगात त्राण नसतं. म्हणजे मुखपृष्ठावरचा 'एकटी' हा शब्द शेवटच्या भागात अक्षरशः खोटा आहे. गंमत म्हणजे ती हे लपवत नाही, सगळं सांगते. आजार सांगते, मन कुठं गुंतलं ते सांगते. लपवलं ते मुखपृष्ठानं.

तेहतीस वर्षं, असं मी म्हटलं. हा आकडा मला या पुस्तकांमधला सगळ्यात बोलका वाटतो. प्रवास १९८४ला संपला, पुस्तक २०१७ला आलं. परत आली तेव्हा कुणाला तिच्या प्रवासात फारसा रस नव्हता. तिनं सगळं बांधून ठेवून दिलं, अभ्यास पुरा केला, व्यवसाय केला, मूल वाढवलं. थेरेसा वॉलाकचं तर याहून लांबलं. ती आणि तिची मैत्रीण फ्लॉरेन्स ब्लेंकिरन डिसेंबर १९३४मध्ये लंडनहून निघाल्या आणि जुलै १९३५च्या अखेरीला केपटाउनला पोचल्या. ६०० सीसीची पँथर गाडी, तिला साइडकार, मागं ट्रेलर. अख्खा सहारा ओलांडला, होकायंत्राशिवाय. वाटेत इंजिनानं दगा दिला, वाळूतून गाडी ओढावी लागली. 'द रगेड रोड' प्रसिद्ध झालं २००१ साली. वॉलाक १९९९मध्ये वारली होती. एकीला तेहतीस वर्षं, दुसरीला बरोबर दुप्पट, सहासष्ट.

आता यांच्या शेजारी टेड सायमन ठेवा. १९७३ ते १९७७, ट्रायम्फवरून जगाची फेरी. मागं 'संडे टाइम्स'सारखं वर्तमानपत्र उभं. 'ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स' १९७९ला बाजारात. दोन वर्षं. हे पुस्तक चांगलंच आहे, मी ते कमी लेखत नाही. पण त्याच्या पुस्तकानं कित्येकांना रस्त्यावर काढलं. आणि बिअर्डचं पुस्तक १९८६ला आलं असतं तर ते कुणाच्या हातात पडलं असतं? निपाणीत पडलं नसतंच म्हणा. पण कुठंतरी पडलं असतं.

फ्रेंचांकडं हे वेगळं घडलं. ॲन-फ्रान्स दोतव्हील १९७३ला लहानशा कावासाकीवर एकटी जगभर गेली, आणि तिची पुस्तकं त्याच दशकात छापून आली. म्हणजे बाईचं पुस्तक उशिराच येतं असा काही निसर्गनियम नाही. कुणीतरी छापायचं ठरवावं लागतं.

वॉलाकचं पुस्तक मी भाचीला 'पहिल्यांदा हे वाच' म्हणून सांगितलं. त्यात दोघी आहेत, म्हणून. दोघी असल्या की भांडण होतं, कोण चालवणार आणि कोण साइडकारमध्ये बसणार हे ठरवावं लागतं, एकीला ताप आला की दुसरीनं तंबू ठोकायचा असतो. आणि कुणीही शूर व्हायला जात नाही, कारण शेजारी बघणारी आहे. वॉलाक इंजिनिअरिंग शिकलेली, स्वतः शर्यतीत भाग घेणारी. पुढं दुसऱ्या महायुद्धात तिनं सैन्यात मोटारसायकलवरून निरोप पोचवायचं काम केलं आणि म्हातारपणी अमेरिकेत लोकांना मोटारसायकल शिकवायची शाळा काढली. तिच्या वाक्यांना उगाच साज नाही. वसाहतींच्या काळातली गोरी नजर मात्र तिच्याकडं पुरेपूर आहे, आफ्रिकेतली माणसं बहुतेक वेळा ओझं ढकलायला पानावर येतात. ते वाचताना दात खाऊनच वाचावं लागतं.

लोइस प्राइसचं इराणचं पुस्तक तिन्हींत ताजं आणि हसवणारं. त्याचा उगम मजेशीर आहे. २०११मध्ये लंडनमधली इराणी वकिलात बंद होण्याच्या सुमाराला तिनं तिच्याजवळ गाडी उभी केली होती, परत आली तर गाडीवर चिठ्ठी. एका अनोळखी इराणी माणसानं लिहिलेली. आमच्या देशाबद्दल ऐकता त्यावर जाऊ नका, शिराझला या, अशा आशयाची. आणि ही गेली. ज्या देशात बाईला मोटारसायकलचा परवानाच मिळत नव्हता, तिथं ही डोक्यावर रुमाल, त्यावर हेल्मेट घालून शिराझपर्यंत गेली. परकी म्हणून तिला जे चाललं ते तिथल्या मुलीला चाललं नसतं, याची जाण पुस्तकात आहे.

प्राइस माणसांना बोलू देते. घरात बोलावणारे, चहा पाजणारे, सरकारवर विनोद करणारे, तिची गाडी बघून डोळे विस्फारणाऱ्या मुली. बिअर्डकडं मला जे मिळालं नाही ते इथं मिळतं. उणं एवढंच की जे तिच्याशी इंग्रजीत बोलू शकतात त्यांचेच आवाज मोठ्यानं ऐकू येतात. खरा इराण शोधायला निघाले, असं मुखपृष्ठ सांगतं. दोन महिन्यांत खरा इराण सापडत नाही. मला साठ वर्षांत खरं बेळगाव सापडलेलं नाही, मराठीतलं वेगळं, कानडीतलं वेगळं.

आपल्या बाजूच्या बायकाही आता निघाल्यात. पुण्याच्या रमिला लटपटे २०२३ साली नऊवारी नेसून मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून जगाच्या फेरीला निघाल्या, ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. फोटो पाहून झाले. मला आता पुस्तक हवं आहे, मराठीत, आणि सहासष्ट वर्षांनी नको. नऊवारीचा काष्टा गाडीवर कसा आवरला, कुठल्या देशात कुणाच्या चुलीपुढं बसून जेवलात, त्या बाईचं नाव काय, हे सगळं त्यात हवं.

मग अक्काचं काय झालं ते सांगते. ती इंग्रजी वाचत नाही. परवा दुपारी मी तिला थायलंडची पानं मराठी करून वाचून दाखवली. मुद्दामच तीच निवडली, कारण ती गाळून होकार मिळवला असता तर तो मला पचला नसता. भाचीला हे फोनवर सांगितलं तर ती चिडली, "मावशी, तुला दुसरं काही मिळालं नाही काय गं?"

अक्का ऐकत होती. तिनं पहिला प्रश्न कुत्र्याबद्दल विचारला, मुलीबद्दल नंतर. मग बराच वेळ शेंगा सोलत बसली.

"पंधरा दिवस ठेवून घेतली म्हणतीस?"

"होय."

"त्यांच्यात काय खातात गं? आपल्या पोरीला कांदा-लसूणसुद्धा चालत नाही चातुर्मासात."

रात्री तिनं स्वतः फोन लावला. जाणार म्हणतीस तर जेवणाचं काय, एवढंच विचारलं. भाचीनं तयारी करून ठेवलेली होती. तिथं म्हणे 'जे' नावाचा जेवणाचा एक प्रकार असतो. मांस, अंडं, दूध काही नाही, आणि कांदा-लसूणही नाही. अशा दुकानावर पिवळ्या कापडाचा झेंडा लावलेला असतो, त्यावर लाल अक्षर. अक्काला पटेना. तीन वेळा विचारलं, लसूण नाही म्हणजे नक्की नाही काय? मग मला म्हणाली, तो शब्द लिही. मी कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहिला, 'आहान जे'. ती म्हणाली, त्यांच्या अक्षरातही काढून घे, आणि पिवळा झेंडा पण काढ. मला चित्र काढता येत नाही. तरी काढलं.